पांढरी पाच, काळी चार आणि यल्लाप्पा अण्णा

बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीत सकाळी साडेसातला माग सुरू होतात आणि दोनच मिनिटांनी यल्लाप्पा अण्णाचा गळा सुरू होतो. माग दोन, गळा एक, तरी गळाच वर. बावन्न वर्षांचा माणूस, अंगात बनियन, कानामागं पेन्सिल, नजर धोट्यावर. धोटा इकडून तिकडं पळतोय, साडी बोटबोट वाढतेय आणि अण्णा देवीची पदं म्हणतोय. जेवायला बसला तरी गुणगुण चालूच. माधवीआक्का, म्हणजे त्याची बायको, ताट वाढता वाढता म्हणते, "गप जेवा की ओ. भात पण ताल धरायलाय."

मी त्याच गल्लीतली, चार घरं सोडून. रचना. आमच्याही घरी माग आहेत. माझ्याबद्दल एवढंच सांगते की माझं डोकं लवकर तापतं आणि उतरायला वेळ लागतो. अण्णाची मुलगी अंजनी आणि मी पहिलीपासून एका बाकावर बसलो, आता बेळगावात एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहोत. प्रोजेक्टला तिसरा मिळाला विक्रम. हा खानापूरकडच्या गुंजीचा, शेतकऱ्याच्या घरचा. दिवसाला दहा शब्द बोलतो, त्यातले चार "व्हय" असतात. पण कोड असा लिहितो की बघत राहावं.

प्रोजेक्ट म्हणजे गाणी बनवायचं एक वेब ॲप. कल्पना माझी, हे मी सगळ्यांना सांगत फिरते. मोबाइलवर लिंक उघडायची, घरातला कुठलाही आवाज रेकॉर्ड करायचा, तांब्या म्हणा, पाट म्हणा, आजीचं खोकणं म्हणा, की ॲप त्या आवाजाचे सगळे सूर करून पेटीच्या पट्ट्यांसारखे मांडून देतं. पट्टी दाबली की तांब्या गातो. नाव ठेवलं ‘गल्लीसूर’. कॉलेजची लॅब पाचला बंद होते, विक्रमचा रूममालक कटकट्या, माझ्या घरी पाय ठेवायला जागा नाही. म्हणून आम्ही अण्णाच्या माडीवर बसायला लागलो. खाली माग, वर आम्ही. अण्णानं एकदाच विचारलं, "हे करून काय व्हतंय?" मी म्हटलं, "गाणं व्हतंय." तो म्हणाला, "मग बसा. आयतु." त्याचं आयतु म्हणजे विषय संपला, परवानगी मिळाली, चहा येईल.

आता जे सांगते ते गल्लीत कुणी मोठ्यानं बोलत नाही. एवढा गाणारा माणूस, पण देवळात गात नव्हता. आमच्याकडं पौषात बनशंकरीदेवीचा उत्सव असतो. त्या सकाळी पहिलं पद अण्णाच्या घरचं. त्याच्या वडिलांनी हातमागावर बसून रचलेलं पद आहे ते: "धागा तुझा, माग तुझा, हात तेवढे माझे." वडील गेल्यावर अण्णा म्हणायचा. पेटीवर भावकू मास्तर. मास्तर मूळचे कडोलीचे, मराठी शाळेतून रिटायर झालेले, गेली तीस वर्षं आमच्या गल्लीत राहतात. कडक माणूस. सूर चुकला की त्यांना खडा चावल्यासारखं होतं. दोन वर्षांपूर्वी भर उत्सवात, अख्ख्या गल्लीसमोर, त्यांनी पेटीचा भाता सोडला आणि म्हणाले, "यल्लाप्पा, सूर कुठं, तू कुठं! तू आता नुसता टाळ धर बाबा." अण्णानं पद अर्धंच सोडलं. चिपळ्या खाली ठेवल्या, देवीला नमस्कार केला आणि घरी येऊन माग सुरू केला. उत्सवाच्या दिवशी माग! त्यानंतर तो भजनाला देवळाची पायरी चढला नाही, आणि ते पदही देवळात कुणी म्हटलं नाही.

विचारलं तर म्हणायचा, "मला काय हौस हाय व्हय?" हौस नव्हती म्हणे! मागावर मात्र रोज शंभर वेळा तेच पद. मला तर असा राग यायचा, मास्तरांचा आणि अण्णाचाही. अंजनी वाती करत बसल्यासारखी खाली मान घालून स्क्रीनवर रंग भरत बसायची.

चार महिने आम्ही आवाज गोळा केले. माधवीआक्काच्या सुताची कांडी भरायच्या चाकाची कुरकुर, माझ्या आजीच्या पानाच्या डब्याचं झाकण, विक्रमनं गुंजीहून आणलेली म्हशीच्या गळ्यातली घंटा. सगळं माडीवर बसून रेकॉर्ड केलं. अण्णाचं पदही एकदा गुपचूप उतरवून घेतलं, कारण माणसाचा गळा पट्ट्यांवर कसा बसतो ते बघायचं होतं. आम्ही लई खूश होतो.

मग कॉलेजात पहिलं प्रात्यक्षिक झालं. आमच्या गाइड प्रियदर्शनी मॅडम निपाणीच्या. त्यांच्या केबिनमध्ये एवढी शांतता की घड्याळ ऐकू येतं. मी ऐटीत पट्टी दाबली, घंटा वाजली. मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या. दुसरी दाबली, पानाचा डबा वाजला. मॅडम म्हणाल्या, "छान आहे गं, पण मागं हा मिक्सर कसला चालू आहे?"

"कसला मिक्सर?" मी म्हटलं. "मिक्सर-बिक्सर काय नाही मॅडम."

"अगं आहे की. घूंऽऽ करून. आणि खटक-खटक पण."

मी वाद घातला. मॅडमशी! म्हटलं तुमचा स्पीकर खराब आहे. त्यांनी दुसरा स्पीकर आणवला. त्यातही मिक्सर. मग त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवला, पंखा बंद केला आणि म्हणाल्या, "आता ऐक." आणि मला ऐकू आलं, बाई. म्हशीच्या घंटेखाली माग. पानाच्या डब्याखाली माग. एकशे सत्तर आवाज आणि प्रत्येकाच्या बुडाशी अण्णाचे दोन माग, मजेत चाललेले. अंजनीनं तोंडावर हात ठेवला. जन्मापासून त्या आवाजात वाढलो आम्ही, आम्हाला तो आवाज म्हणून ऐकूच येत नव्हता.

मी विक्रमकडं वळले. "तुज्या गुंजीत तर माग न्हाईत! तुला ऐकू येत नव्हतं?"

"येत हुतं की."

"मग बोलला का न्हाईस चार महिने?"

"मला वाटलं, तुमाला ते पायजेच हाय."

त्याला बदडायचं राहिलं एवढंच. मॅडम मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या आणि पंधरा दिवसांची मुदत देऊन मोकळ्या झाल्या.

माग काढून टाकायचे तर आधी ते सापडले पाहिजेत. विक्रमनं एक खिडकी बनवली: आवाज घातला की त्याच्या सुराची रेघ काढून दाखवते. शनिवारी सकाळी माडीवर बसून आम्ही एकेक आवाज तिच्यात घालत होतो. मागाच्या मोटारीची रेघ प्रत्येकात एकाच जागी, आखल्यासारखी सरळ. विक्रम म्हणाला सेकंदाला शंभर कंपनं, विजेवर चालणारी मोटार अशीच घुमते. मग त्यानं अण्णाच्या पदाचा पहिला, लांब धरलेला सूर घातला. मागाची रेघ आली. अण्णाच्या गळ्याची रेघ येईना. विक्रमनं खिडकी बंद करून परत उघडली. तरी एकच रेघ.

"बिघडलं," मी म्हटलं.

"न्हाय," विक्रम म्हणाला आणि रेघ मोठी करून दाखवली. दोन रेघा होत्या. एकीवर एक चढलेली. अण्णाचा षड्ज मागाच्या घुमण्यावर बसला होता, आणि केसभर इकडं न्हाय की तिकडं न्हाय. पद वर जायचं, फिरायचं आणि दर ओळीला येऊन बरोब्बर तिथंच टेकायचं.

विक्रमनं शेजारी पेटीच्या पट्ट्या मांडल्या. ती रेघ पांढरी पाचवर नव्हती. तिच्या शेजारच्या काळी चारवरही नव्हती. दोन्हींच्या मधल्या फटीत होती. मास्तर पांढरी पाच धरून वाजवत होते आणि अण्णा त्याच्या किंचित वर, फटीत उभा राहून गात होता. पेटीच्या बाजूनं बघितलं तर बेसूर. मागाच्या बाजूनं बघितलं तर अख्ख्या बेळगाव जिल्ह्यात असा सुरेल माणूस सापडायचा नाही.

अंजनी उठली. "आप्पा बेसूर न्हाईत," बापाबद्दल एवढंच म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मला तिचे खांदे हलताना दिसले. मी काय केलं? मी किंचाळले. खाली माधवीआक्काच्या हातातली कांडी पडली म्हणे.

तेवढ्यात वीज गेली. आमच्याकडं शनिवारी ती जातेच. माग थांबले, गल्ली गप झाली आणि खालून अण्णाचा आवाज आला, तसाच, पदाच्या मधल्या ओळीवर. माग थांबल्याचं त्याच्या गळ्याला कुणी सांगितलं नव्हतं. विक्रमनं पटकन मोबाइल जिन्यात धरला. रेघ काढली. तिथंच! माग बंद, तरी अण्णा त्याच फटीत.

आम्ही तिघं धडाधड खाली. मी सांगायला सुरुवात केली, विक्रमनं रेघ दाखवली, अंजनीनं बापाचा हात धरला. अण्णानं सगळं ऐकलं, कानामागची पेन्सिल काढली, परत लावली. मग म्हणाला, "मास्तर शिकलेला माणूस. त्येंचा कान खोटा व्हईल व्हय?"

"त्यांचा कान खरा हाय आप्पा," अंजनी म्हणाली. "पण त्यांची पेटी तुमच्या जागेवर वाजतच न्हाय."

विक्रमनं रात्रभर बसून, नाही, रात्रभर नाही, तासाभरातच ॲपमधल्या पेटीच्या सगळ्या पट्ट्या तेवढ्याशा वर सरकवल्या. लॅपटॉपची बॅटरी होती. अण्णा पायरीवर बसला, पेटी वाजायला लागली आणि त्यानं पद धरलं. पहिल्या ओळीला थांबला. इकडं तिकडं बघितलं. "ही माज्याच सुरात कशी काय वाजायलीया?" आणि मग जो सुटला! माधवीआक्का ओल्या हातानं दारात येऊन उभी राहिली. पद संपल्यावर अण्णानं लॅपटॉपच्या कडेवरून हात फिरवला. "दोन वर्सं," तो म्हणाला, "दोन वर्सं मला वाटलं, बाबांचं पद माज्या तोंडातनं वंगाळ निघतंय. आईला ऐकवायचं कसं, म्हणून जात नव्हतो." आई म्हणजे देवी. हौस नाही म्हणणारा माणूस हा.

उत्सव आठ दिवसांवर होता. मिरजेत नेऊन पेटीचे सूर चढवायचे तर महिना जातो. म्हणजे पेटी वाजवायची ती लॅपटॉपवर, आणि वाजवायची मास्तरांनी, कारण देवळात दुसऱ्या कुणाला पेटी येत नाही. आम्ही त्यांच्याकडं गेलो. मी निम्मं सांगितलं तोवर त्यांनी हात वर केला. "देवीपुढं लॅपटॉप? कॉलेजात दाखवा तुमची खेळणी."

तापलं माझं डोकं. "खेळणी? तुमच्या पेटीपायी आमचा माणूस देवळातनं उठला! सुरात असून उठला! तीस वर्सं तुमीच चुकलाय, मास्तर!" अख्खी गल्ली खिडकीत आली. मास्तर लालबुंद. त्यांनी दार लावून घेतलं.

संध्याकाळी अण्णा आमच्या घरी आला. माझ्याकडं बघून म्हणाला, "ऊठ. चप्पल घाल." आणि सरळ मास्तरांच्या दारात नेलं. "माफी माग. वयानं केवढे हाईत ते, कळतंय का न्हाय तुला?" मागितली माफी. जमिनीकडं बघत मागितली, पण मागितली. अण्णा वळून निघाला सुद्धा. लॅपटॉपबद्दल एक शब्द काढला नाही त्यानं, उत्सवाबद्दल नाही. मास्तर त्याच्या पाठीकडं बघत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "ती रेघ काय म्हणत होतीस गं?"

मी लॅपटॉप आणला. पळतच आणला. मास्तरांनी चष्मा चढवला, रेघ बघितली, पद ऐकलं, पट्ट्या दाबल्या, परत ऐकलं. मग खुर्चीत मागं टेकले. "ही पेटी मी तीनदा मिरजेला नेऊन लावून आणली," ते म्हणाले. "म्हटलं माझीच पेटी उतरत असेल. गल्लीतलं कुणीच तिच्यात बसत नव्हतं. मग म्हटलं, वडगावच्या पाण्यातच काहीतरी आहे. कडोलीत आमच्या सगळे सुरात गातात." मग स्वतःशीच हसायला लागले. "कडोलीत माग कुठं आहेत!"

विक्रमनं कुणाकडून तरी लहान कीबोर्ड मागून आणला आणि लॅपटॉपला जोडला. मास्तर आठ दिवस अण्णाच्या माडीवर सरावाला येत होते. उजव्या हातानं सूर वाजवायचे आणि डावा हात आपोआप हवेत भाता मारायचा. "हा हात कुठं ठेवू?" असं दर पाच मिनिटांनी विचारायचे. विक्रम गंभीरपणे म्हणाला, "खिशात." त्या दिवसाचा त्याचा अकरावा शब्द असावा. खाली माग चालूच, मास्तर वर वाजवतायत, खालून अण्णा गातोय. दोघं एकमेकांशी बोलत मात्र नव्हते. दोघांनाही लाज वाटत होती, दुसरं काय.

उत्सवाच्या सकाळी अण्णा धुतलेलं धोतर नेसून सहालाच तयार, आणि साडेनवाला म्हणायला लागला, "मी येत न्हाय." माधवीआक्कानं त्याच्या हातात नैवेद्याचं ताट दिलं. ताट घेतलेला माणूस घरी कसा बसणार? आला.

देऊळ भरलेलं. माग बंद असल्यानं गल्ली इतकी शांत की आम्हालाच कसंतरी होत होतं. भजनी मंडळाचे चाळीस लोक बसलेले, सगळे विणकर. मास्तरांसमोर पेटीच्या जागी कीबोर्ड बघून कुजबुज झाली. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं, कुजबुज थांबली. मग त्यांनी अण्णाकडं बघून मान हलवली आणि सूर दिला.

अण्णानं डोळे मिटले. "धागा तुझा, माग तुझा..." आणि दुसऱ्या ओळीला मंडळानं साथ द्यायची असते, ती आली. मी आयुष्यभर ते मंडळ ऐकत आले आहे. पेटी एकीकडं, चाळीस जण दुसरीकडं, अशी ओढाताण असते. त्या दिवशी चाळीस गळे एका जागेवर पडले. माझे बाबाही! माझ्या बाबांना, भरमा म्हणतात त्यांना, घरात आम्ही गाऊ देत नाही. ते सुद्धा सुरात! त्यांचं त्यांनाच कळेना, गाता गाता शेजारच्याकडं बघायला लागले. सगळ्यांचे माग त्याच विजेवर, सगळ्यांचे कान त्याच फटीत. बायका टाळ्या विसरून बघत राहिल्या. मास्तर वाजवत होते, डावा हात हवेत भाता मारत होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं. अंजनीनं माझा दंड इतका आवळला की दोन दिवस वळ होता.

पद संपलं. अण्णानं डोळे उघडले. आमच्यात रीत अशी की एकानं एकच पद म्हणायचं आणि हातातल्या चिपळ्या पुढच्याला द्यायच्या. पुढं माझे बाबा बसले होते. अण्णानं चिपळ्या पुढं केल्या. बाबांनी दोन्ही हात मांडीखाली घातले. अण्णानं त्यांच्या पलीकडच्याला दिल्या. त्यानंही हात मांडीखाली. ओळच्या ओळ, चाळीस माणसं, हातावर बसलेली आणि अण्णाकडं बघणारी. कुणी ठरवून आलं नव्हतं हे, शपथ.

अण्णा चिपळ्या धरून तसाच उभा. एक पद म्हणायला मिळेल एवढंच धरून आलेला माणूस तो. त्यानं मास्तरांकडं बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलला.

"आता काय म्हणू, मास्तर?"

मास्तरांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. सूर परत धरला.

"तुला येतात तेवढी सगळी म्हण, यल्लाप्पा."

आरती त्या दिवशी पावणेदोन तास उशिरा झाली.